समोरच्या काकांना डिमेन्शिया आहे. काकूंना नेमकी काय मदत करू?

पहिला_मजला

नमस्कार. मी डोंबिवली पूर्वेला राहते. आमच्या समोरच्या दारातले काका मध्य रेल्वेत लोकलचे गार्ड होते. वय ७६. मागच्या वर्षी न्यूरॉलॉजिस्टनी अल्झायमर सांगितला, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज हळूहळू कमी करणाऱ्या डिमेन्शियाचाच एक प्रकार. त्याआधी दोन वर्षं आम्ही सगळे "वयामुळे होतं असं" म्हणत होतो, मीसुद्धा. काकू ७१ वर्षांच्या. मुलगी नागपूरला असते. तिच्याकडे सासरे अंथरुणाला खिळलेले, तरी दोन महिन्यांतून चार दिवस ती येऊन जाते.

परवा पहाटे पावणेचारला आमची बेल वाजली. दोनदा, टिंग-टिंग. दार उघडलं तर काका. पांढरा शर्ट इन केलेला, मनगटावर घड्याळ, पायात एकच चप्पल. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, जिन्याकडे बघत ताठ उभे होते. गार्डने दोन बेल दिल्या की मोटरमन गाडी सोडतो. काका गाडी सुटायची वाट बघत होते. हे मला नंतर काकूंनी सांगितलं. त्या मागून धावत आल्या, केस सुटलेले, उजव्या हातावर भाजल्याचा फोड. आणि पहिलं वाक्य काय, तर "तुझी झोपमोड झाली गं, माफ कर."

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. २००६ साली मी लग्न होऊन या बिल्डिंगीत आले तेव्हा मला इथलं कोणी ओळखत नव्हतं. मी घाटकोपरला नोकरीला जायचे आणि माझा मुलगा शाळेतून सुटला की सरळ काकूंकडे जेवायला. सहा वर्षं. त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. आज त्यांचीच वेळ आली आहे आणि मी भेटले की "काही लागलं तर सांगा हं काकू" म्हणते. त्या म्हणतात, "नाही गं, चाललंय." दिवाळीपासून त्या गुरुवारच्या भजनी मंडळाला गेलेल्या नाहीत.

दुसरी गोष्ट. पहाटेच्या बेलवरून दोन घरांनी तक्रार केली. सेक्रेटरींचं म्हणणं, सोसायटीच्या ग्रुपवर आजाराची माहिती टाकू, म्हणजे लोक समजून घेतील. काकूंच्या कानावर गेलं तर त्या रडल्या. "आयुष्यभर मान खाली घालायला लागली नाही त्यांना" एवढंच म्हणाल्या. काय बरोबर?

आणि काकांशी बोलायचं कसं? संध्याकाळी पाच वाजले की "ड्युटीवर जायचंय" सुरू होतं. "काका, तुम्ही रिटायर झालात ना" म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो, मग चिडतात. ज्यांनी घरात हे पाहिलंय त्यांनी कृपया सांगा.

मेघना_सांगली

आठ वर्षं बाबांना सांभाळलं. गेल्या चैत्रात ते गेले. तुमच्या काकूंची "चाललंय" मला ओळखीची आहे, मीही तेच म्हणायचे.

"काही लागलं तर सांगा" मनापासून म्हटलेलं असतं, पण त्याचा उपयोग होत नाही. दिवसभर एका माणसाच्या मागे मागे फिरल्यावर कोणाकडून काय मागावं हे ठरवायलाही डोकं उरत नाही. शिवाय मागताना ओशाळल्यासारखं होतं. मला खरी मदत झाली ती आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांची. ते कधी काही विचारायचे नाहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी पाच वाजता यायचे. बाबांचं मार्केट यार्डात हळदीचं दुकान होतं. मास्तर कापडी पिशवीतून हळकुंडं आणायचे आणि दोघं मिळून ती निवडायचे, जाड एकीकडे, बारीक एकीकडे. निवडून झाली की मास्तर सगळी पिशवीत भरून घरी न्यायचे, आणि पुढच्या वेळी तीच हळकुंडं परत. बाबांचे हात तेवढा वेळ शांत असायचे. त्यांना मास्तरांचं नाव दोन वर्षांत कधी आठवलं नाही, पण मंगळवारी पाचला ते दाराकडे बघायला लागले होते.

पहिल्या मंगळवारी मी आयर्विन पुलापर्यंत चालत गेले आणि परत आले. बाकी काही केलं नाही. पण त्या रात्री मी बाबांवर ओरडले नाही.

म्हणून काकूंना विचारू नका, सांगा: "गुरुवारी साडेचार ते साडेसहा मी काकांजवळ बसणार आहे, तुम्ही भजनाला जा." पहिल्यांदा त्या जाणार नाहीत, चहा करून तुमच्याजवळच बसतील. बसू द्या. तुम्ही मात्र पुढच्या गुरुवारी परत जा. वार आणि वेळ चुकवू नका. एखाद दिवशी जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा, कारण त्या दोन तासांवर त्या आठवडा काढायला लागतील.

पाच वाजताच्या ड्युटीबद्दल. उजेड कमी व्हायला लागला की या माणसांची घालमेल वाढते, आमच्याकडेही वाढायची. काकूंना सांगा, अंधार पडायची वाट न बघता साडेचारलाच सगळे दिवे लावायचे, पडदे ओढायचे, चहा-खाणं द्यायचं. आणि "रिटायर झालात" म्हणू नका. ती बातमी त्यांना रोज नव्याने कळते, रोज नव्याने नोकरी जाते. आज रेस्ट आहे म्हणा. रेल्वेच्या माणसाला रेस्ट कळते. हे खोटं बोलणं झालं का? मला पहिले सहा महिने जमलं नाही. आई जाऊन चार वर्षं झाली होती, बाबा विचारायचे "ही कुठे गेली?", मी खरं सांगायचे आणि ते दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे रडायचे. मग एक दिवस मी म्हटलं, "आईच्या हातची कोणती भाजी आवडायची तुम्हाला?" ते मेथीच्या भाजीबद्दल बोलत बसले. त्यानंतर मी "ती गेली" हे वाक्य त्यांच्यासमोर परत उच्चारलं नाही.

"मला ओळखलंत का?" हा प्रश्न बिल्डिंगीत सगळ्यांना बंद करायला सांगा. येणारा प्रत्येक पाहुणा परीक्षा घेतो. दारातूनच "काका, मी समोरची अमुक" असं आपणच नाव सांगायचं.

शेवटचं एक. काकांची चौकशी सगळे करतील. काकूंना वेगळं गाठून "तुम्ही कशा आहात?" विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ब्राह्मी द्या, बदाम द्या, कोडी सोडवायला लावा, हे त्यांनी सगळीकडून ऐकलेलं असणार. तुम्ही त्यात भर घालू नका.

ठाकुर्लीकर

ग्रुपवर टाकायच्या मी विरुद्ध आहे. काकूंची संमती नसेल तर विषय तिथेच संपला. पण लपवूनही चालणार नाही. माझी आई एकदा दुपारी घरातून निघाली ती रात्री साडेनऊला दुसऱ्या टोकाच्या रिक्षा स्टँडवर सापडली. तिथल्या एका रिक्षावाल्याने ओळखलं, कारण आठवडाभर आधी माझ्या भावाने त्याला तिचा फोटो दाखवून ठेवला होता. वॉचमन, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचा चहावाला, रिक्षा स्टँड, यांना एकेकाला भेटून सांगा. काका बहुतेक स्टेशनकडेच जातील, तेव्हा तिकडच्या रस्त्यावरची दुकानं आधी. शर्टाच्या आतल्या बाजूला नाव आणि फोन नंबर शिवून घ्या. खिशातली चिठ्ठी ते काढून टाकतात. आणि आजचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आधार कार्डावरच्या फोटोवरून कोणी ओळखत नाही.

स्नेहल७४

आम्ही ग्रुपवर सांगितलं होतं आणि बरं झालं. लोक वाईट नसतात, त्यांना माहीत नसतं. आधी सगळे म्हातारचळ म्हणायचे. पण हो, आम्ही स्वतः सांगितलं होतं, सेक्रेटरींनी नाही.

निवृत्त_सिस्टर

३१ वर्षं वॉर्डात काढली आहेत, त्यावरून दोन-तीन गोष्टी.

पहाटेचं उठणं हळूहळू वाढत आलंय की गेल्या आठ-दहा दिवसांत एकदम? एकदम असेल तर आजार वाढला असं धरून बसू नका. म्हाताऱ्या माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं तर ताप न येताही नुसता गोंधळ वाढतो. बद्धकोष्ठ, पाणी कमी पिणं, दुखणारा दात, यानेही तेच होतं. त्यांना दुखतंय हे सांगता येत नाही, वागण्यातून दिसतं. मागच्या काही आठवड्यांत पडले असतील, डोक्याला लागलं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. सर्दी-खोकल्याची झोप आणणारी औषधं दुकानातून परस्पर आणू नका, त्यातल्या काहींनी भ्रम वाढतो. आणि रात्री शांत झोपावेत म्हणून कोणी सुचवलेली गोळी तर न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय मुळीच नाही. यातली काही औषधं डिमेन्शियाच्या रुग्णाला धोक्याची असतात.

बाथरूमची आतली कडी काढून टाका. दारासमोर काळं पायपुसणं असेल तर बदला, त्यांना तो खड्डा वाटू शकतो.

काकूंच्या हातावरचा फोड कोणी पाहिला का? त्यांचं बीपी, साखर शेवटची कधी तपासली? मी अशा कितीतरी बायका पाहिल्या ज्यांनी नवऱ्याच्या फाईलवर तारीखवार नोंदी ठेवल्या होत्या आणि स्वतःची गोळी तीन महिने आणलेली नव्हती. तुम्ही एक काम अंगावर घ्या: काकूंना दवाखान्यात न्यायचं. काकांजवळ तेवढा वेळ तुमच्या घरातलं कोणी बसेल.

आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. काकूंना हा आकडा सांगाच. त्यांना वाटतंय की त्यांच्याच घरावर काहीतरी कलंक आला.

१४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो. डिमेन्शियाच्या कुटुंबांसाठी १९९२ पासून 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' काम करते. काकूंना स्वतः फोन करायला जमणार नाही, तुम्ही लावा आणि त्यांच्या हातात द्या.

अविनाश_ठाणे

बँकेत होतो, कागदांपुरतं सांगतो, कारण इथे उशीर महागात पडतो.

लोक घाईने आममुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) करतात आणि निर्धास्त होतात. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी केलं त्याच दिवशी ते हातात राहत नाही. मग पालक नेमून घ्यायला हायकोर्टापर्यंत जावं लागतं. म्हणून काकांचं पेन्शनचं खातं काकूंबरोबर संयुक्त, "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" या पद्धतीचं आहे का, हे याच आठवड्यात पाहा. नसेल आणि काकांना सही कशावर करतोय हे अजून कळत असेल, तर आता करून घ्या. नॉमिनेशनही तेव्हाच तपासा. डॉक्टरांचं त्या तारखेचं पत्र जोडून ठेवा.

हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात त्यांना बँकेच्या रांगेत नेऊ नका. पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला करून देतो. मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो.

पेन्शनवर कर भरत असतील आणि जुनी करपद्धत घेतली असेल, तर उपचाराच्या खर्चाची वजावट मिळू शकते. ज्येष्ठांना १ लाखापर्यंत. त्या यादीत डिमेन्शिया आहे, मात्र अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त हवं आणि न्यूरॉलॉजिस्टचं लेखी हवं. सीएला "८०डीडीबी" म्हणा, त्याला कळेल.

हे सगळं तुम्ही शेजारी म्हणून करायचं नाही. मुलीला नागपूरला यादी पाठवा. तिला दुरून करता येण्यासारखं हेच काम आहे आणि तिलाही काहीतरी करायचं असणारच.

पहिला_मजला

उशिरा लिहितेय, तीन आठवडे झाले. सगळ्यांचे मनापासून आभार.

सिस्टर, तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी लघवी तपासली. इन्फेक्शन निघालं. औषधाचा कोर्स झाल्यावर पहाटेचं उठणं पूर्ण थांबलं नाही, पण आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलंय. काकूंचं बीपी १७० निघालं. त्यांची गोळी संपून दीड महिना झाला होता.

मुलीला यादी पाठवली. तिने फोनवर सगळं लिहून घेतलं आणि मग बराच वेळ गप्प होती. खातं संयुक्तच आहे, नॉमिनेशन मात्र काकांच्या वारलेल्या भावाचं होतं. त्यासाठी ती येऊन गेली.

ग्रुपवर काही टाकलं नाही. ज्या दोन घरांनी तक्रार केली होती त्यांच्याकडे काकू स्वतः गेल्या, मी सोबत होते. त्यातल्या एका वहिनींनी परवा मला विचारलं, "मी सोमवारी बसू का?"

मेघनाताई, तुम्ही म्हणालात तसंच झालं. पहिल्या गुरुवारी काकू गेल्याच नाहीत, थालीपीठ लावून आम्हाला वाढत बसल्या. दुसऱ्या गुरुवारी जिन्यापर्यंत जाऊन परत आल्या. काल गेल्या. काकांनी पाचला घड्याळ बघितलं आणि उठले. मी म्हटलं, "काका, आज रेस्ट आहे." ते थोडा वेळ उभेच राहिले. मग म्हणाले, "उद्या?" मी म्हटलं, "उद्याचं उद्या कळेल." मी कसाऱ्याकडची स्टेशनं विचारली. परीक्षा म्हणून नाही, मी स्वतःच "कल्याणनंतर शहाड, मग..." म्हणत मुद्दाम थांबले. "आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव," त्यांनी न अडखळता म्हटलं, आणि प्रत्येक स्टेशनला टेबलावर बोटाने दोन टिचक्या. आम्ही चार वेळा कसाऱ्याला जाऊन आलो.

काकू सातला दहा मिनिटं कमी असताना आल्या. उशीर झाला म्हणून माफी मागतील असं वाटलं होतं. माझ्या हातावर खडीसाखर ठेवली आणि म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी सव्वाचारला निघते गं. उशिरा गेलं की पेटीजवळची जागा मिळत नाही."