मदत हवी आहे: कॅन्सरची पेप्टाइड लस कुठे मिळेल? (तातडीचे)

कृष्णाकाठ_७८
आत्याचं ऑपरेशन झालंय, केमो संपत आली. मावसभावाने काल एक लेख पाठवला. पेप्टाइडची, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्याची, लस टोचली की आपल्याच पेशी कॅन्सर ओळखून मारतात म्हणे. डॉक्टरांना विचारलं तर "आपल्याकडे नाही" म्हणाले आणि पुढचा पेशंट आत बोलावला. मुंबई-पुण्यात कुठे मिळते? खर्च किती? मंगळवारी शेवटची सायकल आहे, लवकर सांगा.

अनघा_ठाणे
कॅन्सर कशाचा? वय, स्टेज? ऑपरेशन कधी झालं? यातलं काहीच लिहिलेलं नाही, कोण काय सांगणार?

भटक्या_भोर
आपल्याकडे लस आहे की! पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक. माझ्या दोन्ही मुलींना दिली, काही त्रास नाही.

अनघा_ठाणे
भटक्या, ती गर्भाशयमुखाची. एचपीव्ही विषाणूची लागण होऊ नये म्हणून आधीच देतात. झालेल्या कॅन्सरवर तिचा उपयोग नाही. मुलींना दिलीत हे उत्तमच केलंत.

तात्या_नगरकर
रशियाने लस फुकट द्यायचं जाहीर केलंय. वकिलातीत फोन करा.

अनघा_ठाणे
तात्या, २०२४च्या डिसेंबरात जाहीर झाली ती एमआरएनएची, ते तंत्र वेगळं. इथे पेप्टाइडचं विचारलंय. आणि वकिलातीत लस मिळत नाही हो.

कृष्णाकाठ_७८
स्वादुपिंडाचा. लिहायचं राहिलं वाटतं. वय ६१, व्हिपल (स्वादुपिंडाचा भाग काढायचं ऑपरेशन) झालं फेब्रुवारीत, स्टेज २. आता सांगा कुठे मिळते.

टी_पेशी_बॉस्टन
दादा, विकत कुठेच मिळत नाही, चाचणीतच मिळते. मी याच क्षेत्रात लॅबमध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्वादुपिंडाच्या दहातल्या नऊ गाठींत केरास नावाचा जनुक बिघडलेला असतो. त्यातल्या जी१२डी नावाच्या बिघाडात त्या प्रथिनाच्या बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी अ‍ॅस्पार्टिक आम्ल येतं. अख्ख्या साखळीत एकच मणी बदललेला. लसीत त्या बदललेल्या मण्याभोवतीचा तेवढाच तुकडा असतो. डेंड्रिटिक पेशी (प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी) तो उचलतात, एचएलए नावाच्या पेशीवरच्या प्रथिनाच्या खाचेत बसवून टी पेशींना, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात, आणि तो तुकडा ओळखायला शिकलेल्या टी पेशी अंगभर शोध घेतात. ईएलआय-००२ नावाच्या लसीत तुकड्याला एक स्निग्ध शेपूट जोडलंय. ते रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाला धरून लसिकाग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड) पोचतं. चाचणीच्या पहिल्या टप्प्यात २५ जण होते, २० स्वादुपिंडाचे, ५ मोठ्या आतड्याचे. २१ जणांत टी पेशी जाग्या झाल्या. पण हे सगळे ऑपरेशन झालेले, स्कॅनमध्ये गाठ नसलेले, फक्त रक्ताच्या तपासणीत खूण उरलेले. आत्यांचा केरासचा रिपोर्ट आहे का? सीए १९-९ (रक्तातली कॅन्सरची खूण) किती?

निवृत्त_पॅथॉलॉजिस्ट_मिरज
लॅबमधला उत्साह मी समजू शकतो, पण घरच्यांना आशा लावताना मागचंही सांगावं. २०१०च्या मेलानोमाच्या (त्वचेच्या कॅन्सरच्या) चाचणीत जीपी१०० पेप्टाइड एकटं घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान ६.४ महिने होतं, इपिलिमुमॅब हे प्रतिकारशक्तीचं औषध एकटं घेणाऱ्यांचं १०.१, दोन्ही घेणाऱ्यांचं १०.०. म्हणजे लसीने भर काहीच नाही. २०१६ साली स्तनाच्या कॅन्सरवरची ई७५ या पेप्टाइड लसीची मोठी चाचणी फायदा दिसेना म्हणून मध्येच थांबवली.

टी_पेशी_बॉस्टन
सर, ती दोन्ही नऊ-नऊ मण्यांची पेप्टाइडं होती, ठरावीक एचएलए असलेल्यांनाच चालणारी. इथे तुकडे लांब आहेत आणि ग्रंथीपर्यंतची वाट वेगळी आहे.

निवृत्त_पॅथॉलॉजिस्ट_मिरज
वाट वेगळी असेल. पण २५ जण, आणि तुलनेला दुसरा गट नाही. त्यावरून आयुष्य वाढतं असं कुणी म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं.

टी_पेशी_बॉस्टन
ते मान्य. म्हणूनच पुढची चाचणी तुलनेच्या गटासह घेतली.

हिरवी_ओंजळ
रोज गव्हांकुराचा रस द्या, प्रतिकारशक्ती आपोआप वाढेल. आमच्या काकूंना खूप गुण आला.

सुरेखा_इचलकरंजी
कृपा करून असलं काही सुचवू नका. आणि कृष्णाकाठ, "डेंड्रिटिक लस देतो" म्हणणाऱ्या खाजगी क्लिनिकपासूनही जपा. आमच्या दिरांच्या वेळी एका ठिकाणी साडेचार लाख भरले. कागदावर चाचणीचा नोंदणी क्रमांक नव्हता, मी मागितल्यावर बोलणंच बंद झालं. खऱ्या चाचणीची सीटीआरआयवर (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंद असते आणि ती लस विकत घ्यायला लावत नाहीत.

एक विचारते, राग मानू नका. आत्यांचं वजन किती? जेवतात का?

कृष्णाकाठ_७८
वजनाचं कशाला? ४१ किलो. खाल्लेलं अंगी लागत नाही. शौच तेलकट होतं, पाण्यावर तरंगतं. केरासचा रिपोर्ट फाइलमध्ये नाही.

सुरेखा_इचलकरंजी
याचसाठी विचारलं. व्हिपलनंतर पाचक रस कमी पडतो. पॅन्क्रिएटिनच्या कॅप्सूल दिल्यात का? कधी घेतात?

कृष्णाकाठ_७८
दिल्यात. रात्री झोपताना एक घेते, बाकी गोळ्यांबरोबर.

सुरेखा_इचलकरंजी
अहो, जेवताना घ्यायची असते ती! पहिल्या घासाबरोबर, चहा-बिस्किटालासुद्धा. डोस किती ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दिरांचं हेच झालं होतं, दीड महिना आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

निवृत्त_पॅथॉलॉजिस्ट_मिरज
सुरेखाताई बरोबर सांगताहेत. हे आज करा. दुसरं, ऑपरेशन झालं तिथल्या पॅथॉलॉजी विभागात अर्ज देऊन पॅराफिन ब्लॉक (काढलेल्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा) मागा. केरासची तपासणी त्यावर होते. रिपोर्ट हातात असला की टाटाच्या ओपीडीत नीट प्रश्न विचारता येईल.

भटक्या_भोर
दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, टाटाच्या पेशंटची सोय होते.

कृष्णाकाठ_७८
ब्लॉकसाठी उद्या अर्ज देतो. आत्याला फोन केला. ताटावर बसली होती, वरणभात कालवलेला. म्हटलं थांब, आधी कॅप्सूल काढ. डबी उशाशी असायची, ती आता स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी ठेवलीय. सीए १९-९चा आकडा मंगळवारी टाकतो.