जंगलातून चालत थेट खाडीवर: नागलाचे तुमचे अनुभव सांगा

मुंबईचं संजय गांधी नॅशनल पार्क म्हटलं की सगळे बोरिवलीचं गेट नि कान्हेरीची लेणीच पकडतात, पण घोडबंदर रोडच्या पलीकडे, उत्तरेला, त्याच पार्कचा नागला भाग आहे आणि तिथली पायवाट जंगलातून उतरत वसईच्या खाडीला लागते. आम्ही फेब्रुवारीत गेलो. पायाखाली वाळलेली पानं, त्यावर सावरीची लालभडक फुलं, ऐनाची ती मगरीच्या पाठीसारखी साल, आणि मग झाडं संपतात तिथे एकदम पाणी नि तिवरं, म्हणजे खाडीतली खारफुटीची झाडं. हॉर्न नाही, माणूस नाही. मी अर्धा तास बोललेच नाही कुणाशी. जाऊन आलेल्यांनी लिहा ना, कधी गेलात, काय दिसलं.

ताई, ओहोटी बघून जायचं! भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि खरी मजा चिखलातच असते, निवटे, म्हणजे चिखलातले छोटे मासे, पुढच्या परांवर रेटत चालतात, छोट्या खेकड्यांचे नर एकच मोठा डेंगा हलवत बसलेले असतात, आमचा लेक तिथून हलेचना. तिवरांची मुळं चिखलातून वर का आलीत विचारत होता. गाईडने छान सांगितलं, चिखलात हवा नसते म्हणून झाड वरून श्वास घेतं. सासूबाई वसईच्या, त्यांना निवट्यांचं कालवण आठवलं.

पार्कातल्या तुळशी तलावाला असंच चालत जाता येतं का?

नाही हो, ते पिण्याचं पाणी आहे, १८७९ पासूनचा तलाव, तिथे बंदी आहे आणि असावीच. कान्हेरीच्या वरच्या बाजूने लांबून दिसतो तेवढा पुरे. मी २०२४ च्या पावसाळ्यानंतर कान्हेरीकडे गेलो ते कारवीच्या जांभळ्या फुलांसाठी, हे झुडूप आठ वर्षांनी फुलतं, आधी २०१६ ला फुललेलं. आईला गुडघ्याचा त्रास, तरी जांभळा उतार बघून हळूहळू चढली.

नागलाला बिबट्या नाही दिसला, ठसे मात्र ओल्या मातीत स्पष्ट होते. हे जंगल नि उरलेलं पार्क यांच्या मध्ये घोडबंदर रोड आहे, जनावरांना तो ओलांडावाच लागतो आणि बिबटे गाड्यांखाली गेलेत तिथे. रात्री त्या रोडने जाणाऱ्यांनो, स्पीड कमी ठेवा प्लीज.

अगदी. आणि परस्पर घुसू नका कोणी, पार्कच्या माहिती केंद्रात आधी विचारा, गाईडबरोबरच जा.