खाऱ्या वाऱ्यात पोर्ट वाचवायचं की बॅटरी?

सड्यावरचा (देवगड)

शिमग्याला चुलतभाऊ पुण्याहून आला होता. टेबलावरचा फोन चार्ज करायचा वायरलेस पॅड बघितला आणि लगेच म्हणाला, "बॅटरीची वाट लावतोयस तू." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आज लिहूनच टाकतो. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते बरोबर असेल. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याने मात्र पॅडच वापरावा, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या खिडकीचे गज दर दोन वर्षांनी खरवडून रंगवावे लागतात. तोच वारा फोनच्या पोर्टातही, म्हणजे चार्जरची वायर लावायच्या भोकातही शिरतो. माझ्या आधीच्या फोनची पिन दोनदा बदलली. दुसऱ्या वेळी दुकानदाराने भिंगाखाली दाखवलं: पिनांवर हिरवट थर, आणि मधली एक पिन अर्धी झिजलेली. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. त्या ओल्या थरात वायर लावली की पिनापिनांतून वीज वाहते आणि धातू विरघळत जातो. नुसता गंज चढण्यापेक्षा हे कितीतरी जलद होतं. पॅडवर उघडा धातूच नाही, मग खाणार काय?

नव्या फोनला पहिल्या दिवसापासून पॅड लावला. तीन वर्षं झाली, बॅटरीची क्षमता अजून ८६ टक्के दाखवतेय आणि पोर्ट कोरं आहे. बॅटरी काय, आज ना उद्या बदलायचीच असते.

सोल्डरवाला (रत्नागिरी)

मी दुरुस्तीचं दुकान चालवतो. पिनांबद्दल लिहिलंत ते शंभर टक्के खरं. पावसाळ्यात माझं निम्मं काम तेच असतं. पण बॅटरीला तुम्ही फार स्वस्तात काढलंत, ते मला पटत नाही.

फोनमधली लिथियम-आयन बॅटरी दोन गोष्टींनी जास्त झिजते. एक उष्णता, दुसरी काठोकाठ भरून तासन् तास राहणं. रात्रभर पॅडवर पडलेल्या फोनला दोन्ही एकदम मिळतात. पॅडच्या कॉइलमधून (तारेच्या वेटोळ्यातून) फोनच्या कॉइलमध्ये वीज जाताना नीट जुळवून ठेवला तरी पाव हिस्स्याच्या आसपास उष्णता होऊन जाते. झोपेत धक्का लागून फोन बोटभर सरकला तर त्याहून जास्त. आणि फोनमधली कॉइल बसवलेली असते कुठे? बहुतेक वेळा थेट बॅटरीच्या पाठीवर. दर दहा अंशांमागे आतली रासायनिक झीज साधारण दुप्पट, असा ढोबळ हिशेब आहे. ॲपल फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरायला सांगते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पंख्याखालीच ३३-३४ असतं. म्हणजे पॅडवर ठेवण्याआधीच फोन काठावर उभा.

पिन गेली तर निदान कळतं, चार्जिंग थांबतं. साध्या अँड्रॉइडचा चार्जिंग बोर्ड काही शेकड्यांत बसतो. बॅटरी गुपचूप फुगते. गेल्या मेमध्ये एक फोन आला, मागची काच एका कोपऱ्यात नखभर उचललेली, आणि मालक म्हणे "कव्हर सैल झालंय." तो फोन जाड रबरी कव्हरासकट रोज पॅडवर, तोही पश्चिमेच्या खिडकीत. मी तो उघडताना हात जपून चालवत होतो.

होडीवाल्याची लेक (मालवण)

माझो बाबा होडयेर जाता. फोन कायम ओल्या हातात, नायतर खिशात मासळीच्या पाण्यात. घरी इलो की वायर लावूक बघता आणि फोन सांगता, पोर्टात ओलावा हा. मगे आई फोन तांदळाच्या डब्यात घालता.

हे आता सगळ्यांना कळावं म्हणून नीट लिहिते. तांदळात फोन घालू नका. ॲपलनेच तसं सांगितलंय, कारण तांदळाचे बारीक कण आत जाऊन बसतात. पोर्ट खाली करून फोन हळूच हातावर आपटायचा, वाऱ्यावर ठेवायचा आणि थांबायचं, कधी अख्खा दिवस. तोवर तातडी असेल तर पाठ कोरडी करून पॅडवर ठेवता येतो. बाबांसाठी पॅड ही चैन नाही. पहाटे तीनला निघताना फोन चालू असणं ही आमच्या घरची गरज आहे.

बंदरकाठ (हर्णै)

वरच्या तिघांनीही लाइट आहे असं धरलंय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे खांबच आडवे झाले होते, कितीतरी दिवस अंधार. पॉवर बँक आणि इन्व्हर्टरवर घर काढलं. अशा वेळी पाव हिस्सा वीज उष्णतेत घालवणं मला परवडत नाही. पॅडवर भरवसा ठेवून वायर फेकू नका, एवढंच माझं सांगणं. शिवाय गावातले बहुतेक फोन स्वस्तातले, त्यांना वायरलेसची सोयच नसते.

सड्यावरचा (देवगड)

बंदरकाठ, मान्य. वायर डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवलीय, फेकलेली नाही.

सोल्डरवाले, तुमच्या फुगलेल्या बॅटरीत मला तीन दोषी दिसतात: कव्हर, खिडकी आणि रात्रभराची सवय. पॅड चौथा. माझा पॅड चुंबकाचा आहे. २०२३ मध्ये आलेल्या क्यूआय २ या वायरलेस चार्जिंगच्या मानकात चुंबकच फोन जागेवर धरतात, त्यामुळे सरकण्याचा प्रश्न मिटतो. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवतो. कव्हर काढतो. पॅड माजघरात चिऱ्याच्या भिंतीला लागून ठेवलाय, तिथे दुपारीही गारवा असतो. मी मघाशी बॅटरी आज ना उद्या बदलायचीच म्हणालो, ते घाईत लिहिलं, मागे घेतो.

सोल्डरवाला (रत्नागिरी)

तुमच्यासारखं वापरणारा दहांत एक. उरलेले नऊ उशीजवळ ठेवून झोपतात, आणि माझ्याकडे ते नऊच येतात. म्हणून मी आजही गिऱ्हाइकाला वायरच सांगतो, सोबत पोर्टाचं रबरी बूच. आणि वायर लावण्याआधी पोर्टात फुंकर मारू नका, तोंडाची वाफही ओलच असते.

होडीवाल्याची लेक (मालवण)

बूच बाबांना दिलं होतं. पहिल्याच फेरीत समुद्रात गेलं. पॅड मात्र घरात आहे, आजीच्या देव्हाऱ्याखालच्या फळीवर, तिथे ऊन पोचत नाही. कव्हर काढायचं आजच सांगितलं, बाबा म्हणतात, "तां काडलंय तर हातातसून सुटात." त्यावर कोणी उपाय सांगा.