अनुभव धागा : देणगीसाठी धावताना झालेल्या फजित्या

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये यंदा मी अर्धे अंतर, म्हणजे २१ किलोमीटरांहून थोडे अधिक, धावणार आहे आणि त्या निमित्ताने अंध मुलांच्या एका शाळेसाठी देणगी गोळा करीत आहे. ही शर्यत २००४ पासून भरते. इतकी वर्षे मी ती दूरदर्शन संचासमोर चहा पीत पाहिली. शिवाजी पार्कच्या कठड्याभोवतीच्या फेऱ्या, ज्यांतली एकेक साधारण बाराशे मीटरांची असते, दोन महिन्यांत अंगवळणी पडल्या. ओळखीच्या माणसांपुढे हात पसरणे मात्र अजून अंगवळणी पडलेले नाही, आणि माझी फजिती झाली ती तिथेच.

एका रविवारी १२ फेऱ्या मारून घरी आलो तेव्हा अंगात उमेद फार होती आणि डोळ्यांवर चष्मा नव्हता. त्याच भरात मी आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप समूहावर देणगीचे आवाहन टाकले आणि आंघोळीला गेलो. माझ्या चार मिनिटे आधी त्याच समूहावर गिरगावच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या चुलतभावाच्या, निधनाची बातमी आली होती. परत येऊन पाहतो तो खाली जोडलेल्या हातांची रांग लागलेली. त्यातले हात अण्णांसाठी किती आणि मला नकार म्हणून किती, हे कळायला मार्ग नव्हता. मी आवाहन काढून टाकणार, इतक्यात एका आतेबहिणीने ५०१ रुपये भरून खाली ‘कै. अण्णांच्या स्मरणार्थ’ असे लिहिले. तिचे पाहून संध्याकाळपर्यंत आणखी नऊ जणांनी तसेच केले. मी हा निधी अण्णांसाठीच उघडला, असा आता साऱ्या कुटुंबाचा समज आहे.

तुम्हीही अशा एखाद्या कारणासाठी धावला असाल, तर सरावात किंवा देणगी मागताना झालेली फजिती इथे सविस्तर लिहावी, ही विनंती. वेळ किती लागला आणि बूट कोणते घेतले, हे दुसरीकडे कुठेही वाचायला मिळते.

पुणे

मी वेताळ टेकडीवर सराव करतो आणि तिथे रोज सकाळी भेटणाऱ्या ज्येष्ठ मंडळींना मी आवाहनाचा कागद दिला. त्यांचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता : “पळणार तू, घाम तुझा, प्रकृती तुझी सुधारणार, मग पैसे आम्ही का द्यायचे?” खरे सांगायचे तर या प्रश्नाला माझ्याकडे आजही चांगले उत्तर नाही. तरीही त्यांतल्या एका काकांनी दुसऱ्या दिवशी पाकिटात पाच हजारांच्या नोटा घालून आणल्या आणि पावती ८०जीची, म्हणजे प्राप्तिकरात देणगीची वजावट मिळवून देणारी, मिळेल ना, एवढेच विचारले. इथे गप्प बसून पाकीट घ्यायचे सोडून मी माहितगारपणा दाखवला. रोख रक्कम दोन हजारांच्या वर गेली तर ८०जीची वजावट मिळत नाही, त्यापेक्षा धनादेश द्यावा, असे मी त्यांना अगदी सविस्तर समजावले. काकांनी शांतपणे ऐकून घेतले, बाकावर बसून थुंकी लावत नोटा मोजल्या, चार नोटा माझ्या हातात ठेवल्या आणि उरलेल्या सहा खिशात घातल्या. “धनादेशाचे बघू,” म्हणाले.

ते ‘बघू’ अजून चालू आहे. पुढे बोलता बोलता कळले की काका नव्या करप्रणालीत विवरणपत्र भरतात आणि तिथे ही वजावट मुळातच नसते. म्हणजे माझ्या ज्ञानाचा काकांना एक पैशाचा उपयोग झाला नाही आणि संस्थेचे तीन हजार मात्र गेले.

ठाणे

माझा अनुभव हसण्यासारखा नाही, तरीही लिहितो. पहाटे पाचला उपवन तलावाच्या बाजूला मी धावत होतो आणि माझ्या पुढे वीसेक पावलांवर एक बाई एकट्याच धावत होत्या. आमचा वेग नेमका सारखा होता. आपल्या पावलांचा आवाज त्यांना खटकत असणार हे लक्षात आल्यावर पुढे निघून जावे म्हणून मी वेग वाढवला, तर त्यांनीही वाढवला. मी आणखी जोर लावला, तशा त्या एका इमारतीच्या पहारेकऱ्याच्या चौकीत शिरल्या आणि पहारेकरी काठी घेऊन बाहेर आला. धाप लागलेल्या माणसाला खुलासा करणे फार जड जाते, “मी... कर्करोगाच्या... मुलांसाठी...” एवढेच तोंडातून निघाले आणि त्याने संशय वाढला. खरे तर वेग वाढवण्याऐवजी मी रस्ता ओलांडून पलीकडे जायला हवे होते, किंवा सरळ थांबायला हवे होते. आता मी तसेच करतो. त्याच बाई पुढच्या महिन्यात आमच्या संकुलाच्या सभेत समोर बसलेल्या दिसल्या. मी नमस्कार केला, त्यांनीही केला. तो विषय दोघांनीही काढला नाही.

डोंबिवली

माझे थोडक्यात. लांब अंतर पळताना सदरा छातीवर घासतो आणि कातडी सोलवटते, म्हणून आधी व्हॅसलीन लावावे, हे मला कोणी सांगितले नव्हते. १६ किलोमीटर पळून पांढऱ्या सदऱ्यात दूध केंद्रावर उभा राहिलो, तेव्हा रांगेतल्या एका आजींनी “अहो, तुम्हाला लागलंय!” असे ओरडून मला धरून खाली बसवले आणि रक्त नेमके कुठून येते हे रांगेला समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर आली.

सातारा

यवतेश्वरच्या घाटात सराव करणारी मी एकटीच सून आमच्या घरात आहे, त्यामुळे सासरच्या मंडळींचे माझ्या पायांकडे आधीपासूनच लक्ष असते. मामेदिराच्या लग्नाच्या दिवशी पहाटे मी घाट चढून-उतरून १८ किलोमीटर पळाले. जिने उतरताना पाय बोलू लागले होते, पण नऊवारी नेसून उभी राहिले. सासूबाईंच्या मावशी कोल्हापूरहून आल्या होत्या. त्यांच्या पाया पडायला मी वाकले आणि पोटरीत असा गोळा आला की मला वर उठताच येईना. मग मी सावकाश गुडघे टेकले, गुडघ्यांनीही साथ सोडली आणि भर मांडवात मी मावशींच्या पावलांवर अक्षरशः लोटांगण घातले. मावशी “पुरे गं पुरे, अगं ऊठ आता” म्हणत राहिल्या आणि मी पदर दातात धरून पोटरी दाबत राहिले. डोळ्यांत कळेने पाणी आले होते. मावशींनी त्याचा अर्थ वेगळा लावला आणि त्याही रडू लागल्या. जेवणाच्या पंगतीत त्यांनी हा प्रसंग किमान तीन वेळा सांगितला, शेजारच्या दोन सुनांचा नामोल्लेख करून. जाताना त्यांनी माझी ओटी भरली, तीत १०१ रुपयांचे पाकीट होते; ते मी देणगीत जमा केले. त्या दोन सुना माझ्याशी अजून बोलत नाहीत.

लंडन

इथल्या मॅरेथॉनमध्ये संस्थेमार्फत जागा घेतली तर साधारण दोन हजार पौंड उभे करून देण्याची हमी द्यावी लागते, त्यामुळे संकोच करण्याची सोय उरत नाही. माझ्या देणगीदारांच्या यादीत आईचे ११, मावशीचे २१ आणि मिरजेच्या काकांचे ५१ पौंड पाहून एका इंग्रज सहकाऱ्याने हा एक कुठून येतो असे विचारले. आमच्याकडे शुभकार्यात नुसते शून्य देत नाहीत, वर एक ठेवतात, असे मी मोठ्या उत्साहाने सांगितले. सांगून झाल्यावर आठवले की त्याने आदल्याच दिवशी २० दिले होते. दुपारी यादीत त्याच्या नावावर आणखी एक पौंड दिसला. मी त्यानंतर दोन दिवस दुसऱ्या मजल्यावरून चहा आणला.

मुंबई, पुन्हा मी

सगळ्यांचे आभार. पुण्याच्या काकांना धनादेशाची आठवण करू नये, असे माझे मत आहे. गप्पा मारीत राहावे, कदाचित ते आपणहून देतील. साताऱ्याच्या ताईंनी मात्र पुढच्या लग्नाच्या दिवशी विश्रांती ठेवावी.

माझ्याकडची बातमी अशी की काल काकूंचा, म्हणजे अण्णांच्या पत्नीचा, फोन आला. पावत्यांवरची नावे कोणीतरी त्यांना वाचून दाखवली होती. “तुझा छातीवरचा नंबर कळव,” त्या म्हणाल्या. “मरीन ड्राइव्ह आम्हाला चालत दहा मिनिटांवर आहे, मी येऊन उभी राहीन. ह्यांना खेळाची फार आवड होती.” अण्णांना खेळाची आवड असल्याचे आमच्यापैकी कोणाच्याही ऐकिवात नव्हते. मी नंबर कळवला आणि त्या रविवारच्या आवाहनाचे खरे काय ते सांगितले नाही.