अन्वर्थक, समर्पक की साजेसं? पात्रांच्या नावांबद्दल

कथेतल्या पात्राला शोभणाऱ्या नावाला नेमकं काय म्हणावं? ‘अन्वर्थक’, ‘सार्थ’, ‘समर्पक’ हे तिन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. त्यांत फरक आहे का? आणि असं नाव निवडताना काय काय बघावं?

◆

फरक आहे. अनु + अर्थ = अन्वर्थ, म्हणजे अर्थाला धरून असलेलं. धैर्यशील नावाचा माणूस खरोखरच धीराचा निघाला, तर त्याचं नाव अन्वर्थक. ‘सार्थ’ बहुधा ‘करणे’सोबत येतो: ‘तिने नाव सार्थ केलं’. तिथे श्रेय माणसाचं, नावाचं नाही. ‘समर्पक’ हा उत्तराला, उदाहरणाला, शीर्षकाला लागणारा शब्द. माणसाच्या नावाला तो जरा कोरडा पडतो.

तुम्हाला जे हवंय त्याला ‘साजेसं’ म्हणा. वयाला, घराला, काळाला, बोलीला साजेसं. अर्थाचा नंबर त्यानंतर, कारण बाळाचा स्वभाव कळायच्या आत नाव ठेवून झालेलं असतं. ते नाव ठेवणाऱ्यांची हौस सांगतं, बाळाचे गुण नाही.

(आणि कृपा करून ‘नामाभिधान’ लिहू नका. नाम म्हणजे नाव, अभिधान म्हणजेही नावच.)

◆

अन्वर्थकाला इतकं खाली बसवू नका. संस्कृत नाट्यशास्त्रात नावावरून पात्राचं नाटकातलं स्थान कळावं अशी सोय होती. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पण’ या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात सांगितलंय की गणिकेच्या नावाशेवटी दत्ता, सिद्धा किंवा सेना असावं, व्यापाऱ्याच्या नावाशेवटी बहुधा दत्त, आणि दासदासींची नावं वसंतादी ऋतूंत वर्णिल्या जाणाऱ्या वस्तूंवरून घ्यावीत. ‘मृच्छकटिका’तली वसंतसेना आणि चारुदत्त या चौकटीत बसतात. ‘शाकुंतला’त आंब्याचा मोहोर पाहून हरखणाऱ्या दासी आहेत परभृतिका आणि मधुकरिका: एक कोकिळा, एक भुंगी. बालकथेत, रूपककथेत, फार्समध्ये हे आजही चालतं.

वास्तववादी कथेत मात्र कंजूष माणसाचं नाव ‘उदार’ ठेवणंही तितकंच ढोबळ. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही गंमत म्हणीत एकदा छान वाटते. तीनशे पानं ती वाचकाला टोचत राहते.

◆

मराठीतली खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे इंग्रजीसारखी मोठी लिपी-लहान लिपी नाही, त्यामुळे विशेषनाम आणि सामान्यनाम दिसायला सारखंच. ही वाक्यं बघा:

प्रकाश खोलीत आला.
आशा मावळली.
सागर शांत होता.

माणूस की वस्तू? सुटका सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना नामात होणाऱ्या बदलात आहे. ‘प्रकाशाने खोली भरली’ म्हणजे उजेड, ‘प्रकाशने खोली भरली’ म्हणजे प्रकाश नावाचा माणूस. ‘आशेने पाहिलं’ आणि ‘आशाने पाहिलं’ हेही तसंच. आजच्या वळणात व्यक्तिनामाचं सामान्यरूप सहसा करत नाहीत, म्हणून हा भेद टिकतो. पण कथा जुन्या काळातली असेल आणि निवेदन ‘सीतेने’, ‘गोविंदाने’ अशा वळणाचं असेल, तर हा आधार जातो. मग असं नाव टाळलेलंच बरं. ठेवायचंच असेल तर पहिल्या उल्लेखात आडनाव किंवा नातं जोडा, आणि त्या नामाला सहज लागणारी क्रियापदं (मावळणे, पसरणे, वाहणे) त्या पात्राला देऊ नका.

◆

रहस्यकथेत पात्र पुरुष की स्त्री हे लपवायचं असेल तर किरण, शशी अशी दोन्हीकडे चालणारी नावं घेतात आणि दुसऱ्याच वाक्यात ‘किरण आली’ लिहून मोकळे होतात. आदरार्थीनेही भागत नाही, ‘आले’ आणि ‘आल्या’ आहेतच. लपवायला जागा मोजक्या: सकर्मक भूतकाळ (किरणने दार उघडलं, इथे क्रियापद दाराच्या मागे जातं), ‘ला’ची रचना (किरणला कळलं) आणि भविष्यकाळ (किरण येईल). ‘त्याचा’, ‘तिचा’ पूर्ण वर्ज्य. हे दोन-तीन पानं पेलतं, पुढे भाषा अवघडते.

◆

काळाचा हिशेब सोपा आहे, तरी चुकतो. कथेचं साल वजा पात्राचं वय. १९७५ सालच्या कथेतला साठीचा माणूस १९१५चा, त्याला १९७५मधलं लोकप्रिय नाव देऊ नका. सत्तरीच्या आजोबांचं नाव आरव असलं की वाचक तिथेच अडखळतो.

सगळी नावं एकाखाली एक लिहून काढा. पहिलं अक्षर, शेवट आणि अक्षरसंख्या, या तिन्हींपैकी निदान दोन गोष्टी वेगळ्या हव्यात. सुरेश, सुहास, सुधीर एका घरात नकोत. रमेश, महेश, उमेशही नकोत. बारीक टायपात ध आणि घ यांची गल्लत होते, तेव्हा धनश्री आणि घनश्याम समोरासमोर आणू नका.

◆

एक नाव पुरत नाही हे राहिलं. कागदावर दत्तात्रय, आईचा दत्तू, मित्रांचा दत्त्या, गावाचे दत्तोपंत. कोण काय म्हणतं याची यादी आधीच करा. भांडणात दत्तू म्हणणारी आई अचानक ‘दत्तात्रय’ म्हणाली, की वेगळं वर्णन लागत नाही. उलट ज्या नावाची हाक मारताना जीभ वळत नाही (मृण्मयी जिन्यातून ओरडून बघा), त्याला घरचं छोटं रूप हवंच. ‘दत्तात्रय’ की ‘दत्तात्रेय’ हेही एकदाच ठरवा. संस्कृत रूप दुसरं, रुळलेलं पहिलं.

◆

आणि हे ठरवणं लिहायच्या आधी करा. अर्ध्यावर नाव बदलताना ‘शोधा आणि बदला’वर विसंबलात, तर ‘राम’चा ‘रमण’ करताना ‘आराम’चा ‘आरमण’ आणि ‘विराम’चा ‘विरमण’ होतो. ‘आशा’ची ‘उमा’ केलीत की ‘आशावादी’ डॉक्टर ‘उमावादी’ होतात. ‘सीता’ बदललं तरी ‘सीतेला’ तसंच राहतं, ते वेगळं शोधावं लागतं. पात्राचं लिंगही बदललं असेल तर यंत्राचा काही उपयोग नाही, प्रत्येक क्रियापद हातानेच तपासायचं.