ग्लागोलिती लिपीतला मजकूर जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये कसा आणावा?

अक्षरयात्री:

क्रोएशियातल्या क्र्क बेटावरील बाश्काजवळ सापडलेला, इ. स. ११०० च्या सुमाराचा शिलालेख देवनागरी लिप्यंतरासह मांडण्याचे काम मी करत आहे. लेख ग्लागोलिती लिपीत, म्हणजे संत किरिल यांनी नवव्या शतकात स्लाव लोकांसाठी घडवलेल्या लिपीत आहे. एका स्नेह्यांनी टंकून पाठवलेला मजकूर त्यांच्या संगणकावर सुबक दिसतो, माझ्याकडे मात्र लेखातल्या झ्वोनिमिर राजाच्या नावाच्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे उमटतात. हा मजकूर पुन्हा टंकावा लागेल का? शिवाय या लिपीची जुनी वळणे गोल आणि नंतरची क्रोएशियन वळणे कोनी असून हा लेख दोहोंच्या सीमेवरचा आहे, तेव्हा कोणत्या वळणाचे संकेतांक, म्हणजे युनिकोडने अक्षरांना दिलेले क्रमांक, वापरावेत?

दौतटाक:

पुन्हा टंकण्याची गरज नाही. युनिकोडपूर्वीच्या मराठी डीटीपीची फाइल फाँट नसलेल्या संगणकावर उघडल्यावर जे होत असे, तेच येथे झाले आहे. फाइलमध्ये रोमन अक्षरांचेच संकेतांक आहेत आणि त्या जागी ग्लागोलिती आकृत्या काढण्याचे काम फक्त तो फाँट करत होता. स्नेह्यांकडून फाँट मागवा, कोणत्या कळीवर कोणते अक्षर बसवले आहे याचा तक्ता करा आणि त्यानुसार अदलाबदल करा. ‘यरी’ या स्वराकडे मात्र लक्ष असू द्या, कारण जुन्या फाँटमध्ये तो एकाच कळीवर असू शकतो, पण युनिकोडमध्ये तो दोन अक्षरे लागोपाठ देऊन लिहितात.

युनिकोडमध्ये ही लिपी २००५ साली, ४.१ या आवृत्तीत आली आणि तिचा विभाग यू+२सी०० पासून यू+२सी५एफपर्यंत आहे. गोल आणि कोनी वळणांना वेगळे संकेतांक दिलेले नाहीत. मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ यांची वळणे निराळी असूनही संकेतांक एकच आहे, तसेच हे आहे. मला हा निर्णय अगदी योग्य वाटतो. तसे नसते, तर एकाच शब्दाचा शोध दोनदा घ्यावा लागला असता.

पोथीशाळा:

एक भर घालतो. या विभागात मोठी आणि लहान अशा अक्षरांच्या जोड्या आहेत. ‘अझ’ हे पहिले अक्षर मोठे असल्यास २सी०० वर आणि लहान असल्यास २सी३० वर आहे. प्रत्येक जोडीत हेच ४८ घरांचे अंतर आहे (हे संकेतांक सोळाच्या पटीत मोजतात, म्हणून त्यातले ३० म्हणजे आपले ४८). मूळ लेखनात आजच्यासारखा मोठ्या-लहानांचा नियम नसल्यामुळे सगळा मजकूर लहान अक्षरांत ठेवावा, असे मी सुचवेन.

पुढे हस्तलिखितांकडे वळलात, तर शब्दाच्या डोक्यावर लिहिलेली बारीक अक्षरे भेटतील. त्यांच्यासाठी २०१६ साली ९.० या आवृत्तीत यू+१ई००० पासून पुरवणी विभाग आला आणि त्यात ३८ चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर साठवण्याच्या रूढ पद्धतीत, मूळ अक्षराला देवनागरीप्रमाणेच तीन बाइट लागतात, पण या पुरवणी चिन्हांना चार. आमच्या एका नोंदवहीचा डेटाबेस तीनच बाइट स्वीकारत होता, त्यामुळे अशा पहिल्या चिन्हापाशीच ओळ तुटत असे आणि पुढचा मजकूर जतनच होत नसे. तो दोष सापडेपर्यंत आम्ही फाँटलाच दोष देत होतो.

जुनेपान:

लिप्यंतर करताना आकड्यांना जपा. या लिपीत अक्षरेच अंक म्हणूनही येतात, आणि त्यांचे मोल लिपीच्या स्वतःच्या क्रमाने ठरते: बुकी म्हणजे २, वेदे म्हणजे ३, ग्लागोली म्हणजे ४. किरिलिकमध्ये, म्हणजे रशियनसारख्या भाषांच्या लिपीत, मोल ग्रीक क्रमाने असल्यामुळे बुकीला अंकच नाही, वेदे म्हणजे २ आणि ग्लागोली म्हणजे ३. कोणी सोयीसाठी मजकूर अक्षरशः किरिलिकमध्ये उतरवला, तर वाचणाऱ्याला ध्वनी बरोबर मिळतील, पण तारीख चुकीची मिळेल. ग्लागोलितीला किरिलिकचा एक फाँट न मानता स्वतंत्र विभाग का हवा, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

अक्षरयात्री:

सर्वांचे मनापासून आभार. तक्ता करून बदल केला. ‘यरी’ची कळ खरोखरच एक निघाली आणि ती हाताने सोडवली. आता राजाचे नाव माझ्या संगणकावर नीट दिसते, आणि शोधपेटीत टाकले की सापडतेही.