'मेराज'ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादक : सूफी विचारावरील एका लेखाचे मराठी करताना अडलो आहे. पैगंबर महंमदांच्या 'मेराज'साठी, म्हणजे एका रात्री घडलेल्या त्यांच्या स्वर्गप्रवासासाठी, मी 'स्वर्गारोहण' लिहिले होते. मजकूर तपासणाऱ्या स्नेह्यांनी ते खोडून 'ऊर्ध्वगमन' केले. लेखाचा गाभा आहे गंगोहचे चिश्ती सूफी अब्दुल कुद्दूस (मृत्यू १५३७) यांचा उद्गार : महंमद सर्वोच्च स्वर्गाला जाऊन परत आले, ईश्वराची शपथ, मी तिथवर पोचलो असतो तर कधीच परतलो नसतो. कवी आणि तत्त्वज्ञ इक्बालांनी १९३० साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपैकी पाचव्याची सुरुवात याच उद्गाराने केली आणि प्रेषिताचे व सूफीचे अनुभव कुठे वेगळे होतात ते दाखवले. सूफीला ईश्वराशी एकरूप होण्याच्या विसाव्यातून परतायचे नसते. प्रेषित परततो आणि त्याचे परतणे जग घडवते. हे सारे पेलणारा शब्द कोणता?

जुना वाचक : 'स्वर्गारोहण' तर नकोच. महाभारताचे शेवटचे पर्व त्या नावाचे असल्याने मराठी कानाला त्यात देह ठेवणे ऐकू येते. तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनातही परतणे नाही. 'ऊर्ध्वगमन' पाठ्यपुस्तकी वाटते. साधे 'आरोहण' लिहावे आणि संदर्भाने अर्थ भरू द्यावा. मूळ शब्द तसाच उचलणे म्हणजे अनुवादकाने हात टेकणे होय.

अरबीचा अभ्यासक : 'आरोहण' म्हणताच चढणारा कर्ता होतो, आणि नेमके तेच सूफींना मान्य नाही. कुराणाच्या १७व्या सूरेच्या (अध्यायाच्या) पहिल्या आयतीतले क्रियापद 'असरा' आहे : त्याने आपल्या दासाला रात्री नेले. नेणारा ईश्वर आहे, आणि नेला गेलेला 'अब्द', म्हणजे दास. सूफी ग्रंथकार कुशैरींनी आपले गुरू अबू अली दक्काक यांचे मत नोंदवले आहे की, दास्यापेक्षा थोर नाव नसल्यामुळेच सर्वोच्च सन्मानाच्या त्या रात्री ईश्वराने पैगंबरांना याच नावाने संबोधले. शिवाय 'मिअराज' हे मेराजचे मूळ अरबी रूप व्याकरणाने साधनवाचक नाम आहे. 'मिफ्ताह' म्हणजे उघडण्याचे साधन, किल्ली. तसे 'मिअराज' म्हणजे चढण्याचे साधन, शिडी. म्हणून आरंभीचे सूफी बायजीद बिस्तामी यांच्यापासून पुढे अनेक सूफींनी स्वतःच्या आंतरिक प्रवासालाही हाच शब्द लावला. सूफी ग्रंथकार हुजवीरींनी मात्र सीमा आखून दिली : प्रेषितांची मेराज प्रकट आणि देहाने होते, वलींची, म्हणजे संतांची, आतून आणि आत्म्याने.

सांगलीकर : आमच्या मिरजेचे नाव याच शब्दावरून पडले, असे लहानपणापासून ऐकत आलो आहे. मीरासाहेबांचा दर्गाही तिथेच आहे, तेव्हा शब्द परका कसा म्हणावा?

जुना वाचक : व्युत्पत्ती सुंदर असली तरी टिकणारी नाही. शिलाहारांच्या लेखांत या प्रदेशाचे नाव 'मिरिंज' असे येते आणि ते दर्ग्याहून कितीतरी जुने आहे.

कोकणवासी : मी मराठी माध्यमात शिकलेली कोकणी मुसलमान आहे. आमच्याकडे रजब महिन्याच्या सत्ताविसाव्या रात्री घरातली मोठी माणसे जादा नमाज पढतात आणि मुलांना ही कथा सांगतात : पन्नास वेळांची नमाज फर्मावली गेली, प्रेषित मूसांनी पैगंबरांना पुन्हा पुन्हा ईश्वराकडे माघारी पाठवले आणि शेवटी पाच उरल्या. नमाजमध्ये बैठकीला 'अत्तहियात' म्हणतो, ते ईश्वर आणि पैगंबर यांचे त्या रात्रीचे संभाषण आहे, अशी आमच्याकडे धारणा आहे. म्हणूनच 'नमाज ही मोमिनाची (श्रद्धावानाची) मेराज' हे वचन सूफींना इतके प्रिय झाले. कपाळ जमिनीला टेकते तिथेच शिडीची वरची पायरी असते. हा अर्थ 'आरोहण' या शब्दाच्या जवळही फिरकत नाही. मेराज मेराजच राहावी.

अनुवादक : याच लेखात 'काब कौसैन', म्हणजे दोन धनुष्यांइतके अंतर, असे पद ५३व्या सूरेतून आले आहे. सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबींच्या परंपरेत 'कौस'चा दुसरा अर्थ घेऊन वर्तुळाच्या दोन अर्ध्या कमानी मानल्या आहेत : एक ईश्वराकडून सृष्टीकडे उतरणारी, दुसरी माघारी चढणारी. 'धनुष्य' लिहिले की वर्तुळ जाते आणि 'कंस' लिहिले की बाण सुटत नाही.

जुना वाचक : तिथे 'कमान' लिहावे. तीरकमानीतली कमान आणि वेशीची कमान, दोन्ही अर्थ आपल्या शब्दात आहेत.

अरबीचा अभ्यासक : 'कमान' फारसी आहे. ती आपण चालवून घेता, तर मेराजवरच आक्षेप का?

जुना वाचक : कारण कमान शतकानुशतके मराठी विभक्ती लावून फिरते आहे. मेराज तशी रुळलेली नाही, आणि तिचे लिंगही ठरलेले नाही. मी 'मेराज झाला' असेच लिहीन. 'किताब' उर्दूत स्त्रीलिंगी असून मराठीत 'किताब मिळाला' होतोच ना?

कोकणवासी : किताबाचा अर्थ दरबारात बदलला आणि त्याचे लिंगही बदलले. मेराज दरबारातून आलेली नाही. ती आमच्या घरांत मराठी बोलणाऱ्यांच्याच तोंडी आहे, आणि आम्ही 'मेराज झाली' म्हणतो. ही मराठी आपण मोजणार की नाही?